रिकामं द्यायचं, रिकामं घ्यायचं

चांगुणा पुन्हा माळवदावर चढली अन् कपाळावर हात धरून तांड्याच्या वाटेकडं बघत राहिली. वाट मोकळी. एक वावटळ उठली, बोरीच्या झुडपाला धडकली अन् तिथंच बसली. बाकी कुत्रं न्हाई.

“काय दिसून राहिलं गं?” खाली अंगणातून कमलनं विचारलं. तिच्या तोंडावरची हळद वाळून तडकली होती.

“तुझा नवरा. गाढवावर बसून येऊन राहिला.”

“जीभ जळो तुझी.”

“जळू दे जीभ. उद्या तुझ्या लग्नाचं वरण कशात शिजवायचं ते सांग आधी, अक्का.”

उद्या दुपारच्या आत हट्टा गावचं वऱ्हाड ट्रक भरून येणार होतं, अन् समता मंडळाची तिन्ही भगोनी तांड्यावर अडकून पडली होती. दोन दिवसांचा वायदा करून नेलेली, आठवडा उलटला.

भगोनी म्हंजे साधीसुधी पातेली न्हाईत. जर्मन धातूची, दोन्ही अंगाला कड्या, एकेकात दोन लेकरं मावतील एवढी. पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी मंडळाचं नाव ठोकलेलं. गावच्या मारुतीच्या देवळातबी लग्नाची भांडी होती, पण ती गावाची, अन् बौद्धवस्तीला गावात कोण धरतं? वस्तीतल्या लग्नाचा भात घराघरातल्या गाडग्यांत शिजायचा. एकीचा कच्चा, एकीचा करपलेला, अन् पाहुण्यांच्या पंगतीत दोन्ही एकाच पत्रावळीवर. मग वस्तीतल्या म्हाताऱ्या ग्यानोबानं, सगळ्यांच्या आबानं, मंडळ काढलं. दर आठवड्याला घरामागं मूठभर ज्वारी. दुष्काळात रेशनवरच्या मिलोची लाल भाकर गळ्याखाली उतरत नव्हती, तरी मूठ चुकली न्हाई. ज्वारी नसली तर मिलोचीच मूठ पडली. दुष्काळ सरला तशी गाडी हिंगोलीला गेली अन् भगोनी घेऊन आली. साखऱ्याच्या फाट्यापासून लेकरं गाडीमागं नाचत आली.

त्याच दिवशी ग्यानोबानं निळ्या झेंड्याखाली उभं राहून नेम सांगितला. “मागंल त्याला द्यायचं. जात पुसायची न्हाई. रिकामं द्यायचं, रिकामं घ्यायचं.”

अन् भांड्यांच्या खोलीची किल्ली दिली चांगुणाला. कौतुकानं न्हाई. सातवीत मास्तरानं छडी उगारली तर या पोरीनं ती हिसकून खिडकीबाहेर फेकली होती अन् तवापासून शाळेचं तोंड बघितलं नव्हतं. एका जागी बसणं तिच्या हाडात नव्हतं. पण नजर घारीची. झारा नेला अन् पळी आणली, झाकणाला पोचा पडला, कोणी घासायचा आळस केला, तिला लांबूनच कळायचं. “हिच्या हाती किल्ली असली म्हंजे कोणी लबाडी करायचं न्हाई,” ग्यानोबा म्हणाला होता, “कारण हिच्या तोंडाला कोण लागंल?”

आता त्याच तोंडाचे दात पडायची वेळ आली होती.

आज सकाळीच झेंड्यापाशी माणसं जमली होती, तेव्हा जळबानं तोंड उघडलं होतं. मंडळाचा चिटणीस, दहावी नापास, खिशाला पेन.

“मी परवा गेलो व्हतो ओढ्यापर्यंत. हाका मारल्या. तिकडून म्हणतात, देतो देतो. हे काय देणं झालं? आबा, आता ठराव करा. वस्तीबाहेर भांडं न्हाई.”

“मंग देवळातल्या भांड्यात अन् आपल्या भांड्यात फरक काय राहिला?” चांगुणाचा बाप भिवाजी हळूच म्हणाला. त्याच्याच पोरीचं लग्न, त्याच्याच पोरीनं भांडी दिलेली. जास्त बोलायला त्याला जागा नव्हती.

“फरक हा, की देवळातली भांडी देवळात हायत. आपली कुठं हायत?”

लोक हसले. चांगुणाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“मी आणते,” ती म्हणाली.

“एकटी?”

“मंग काय बँड लावू?”

ग्यानोबा काठीवर हनुवटी टेकून बसला होता. म्हणाला, “सांजच्याला वंदना झाल्यावर ठरावाचं बोलू. तवर पोरीला जाऊन येऊ द्या.”

“अन् न्हाई आणली तर?” जळबानं हात पुढं केला. “किल्ली माझ्याकडं.”

“घे,” चांगुणा म्हणाली. “पण आत्ता न्हाई, सांजच्याला. हात खाली घे, मुंग्या येतील.”

तिनं मोठ्या तोरात म्हटलं खरं, पण माळवदावरून कितीदा बघितलं तरी वाट मोकळीच. शेवटी ऊन थोडं कलतंय न कलतंय तोच ती निघाली. डोक्यावर पदर न्हाई, पायात वहाणा न्हाई, कमरेला किल्ली.

धर्मसिंग नाईकाचा तांडा वस्तीपासून कोसभर, ओढा ओलांडला की लगेच. दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर तांडा अन् वस्ती एकाच रांगेत खडी फोडायला बसायची. तिथंच चांगुणाची अन् पारूची गट्टी जमली. पारू तांड्यावरची सून, हिच्याहून दोन-तीन वर्सांनी मोठी, कडेवर पोरगं. दोघींचे हातोडे एका तालात पडायचे. पाण्याच्या घागरी मात्र दोन: तांड्याची बाभळीखाली, वस्तीची उन्हात. ते कोणी ठरवलं नव्हतं. तसंच होतं.

माघात तांड्यानं पहिल्यांदा एक भगोनं नेलं. दुसऱ्या दिवशी पारूचा नवरा वसराम ते डोक्यावर घेऊन आला. चांगुणानं उतरवून घेतलं, झाकण काढलं, तर तळाला लापशी. गुळाची, अजून कोमट. वसराम तोंडभर हसत उभा. अन् चांगुणाच्या डोळ्यापुढं अंधारी आली. उष्टं! उरलंसुरलं आमच्या भांड्यात घालून पाठवलं! काही न बोलता तिनं भगोनं उचललं, उकिरड्यापाशी नेलं अन् त्याच्यासमोर उलटं केलं. रिकामं घ्यायचं म्हंजे रिकामं. वसरामचं हसणं तोंडावरच वाळलं. तो गेला. सांजच्याला तिनं ही गोष्ट छाती फुगवून सगळ्यांना सांगितली, अन् ग्यानोबानंही मान हलवली होती.

मग वैशाख आला. दुष्काळात तुंबलेली लग्नं एकदम फुटली. पारू तिच्या नणंदेच्या लग्नासाठी तिन्ही भगोनी मागायला आली ती मान खाली घालून. चांगुणानं काढून दिली. मान खाली काहून, हे त्या घारीच्या नजरेला दिसलं न्हाई.

तांड्याच्या तोंडाशी कुत्री अंगावर आली. तिनं एक दगड उचलला अन् फेकायच्या आधीच ती पळाली. पहिलंच घर वसरामचं. अन् तिथं, लिंबाखाली, तिन्ही भगोनी पालथी घातलेली. राखेनं घासून अशी लख्ख, की उन्हात डोळ्याला झोंबावी.

ती भांडायची सगळी तयारी करून आली होती. विकली असतील, लपवली असतील, फोडली असतील. घासूनपुसून ठेवली असतील हे तिनं धरलंच नव्हतं. त्यानं राग आणखी भडकला.

“घासून ठेवली, मंग देत काहून न्हाई? अंडी उबवून राहिल्या का त्याच्याखाली?”

दारात रुख्मिणीबाई बसली होती, पारूची सासू. अख्खा तांडा तिला याडी म्हणायचा, म्हंजे आई. हातभर पांढऱ्या बांगड्या, चोळीला आरसे, अन् तोंड असं की आरशालाही धाक वाटावा.

“आली का,” ती म्हणाली. “बस.”

“बसायला न्हाई आले. उद्या माझ्या बहिणीचं लग्न हाय. आत्ता पाहिजेत मला.”

तिनं एक भगोनं उचललं, सुलटं केलं अन् दणकन भुईवर आदळलं. आवाज तांडाभर गेला. बायका दारात आल्या. पारूही आली, पिठाच्या हातानं.

“न्हाई देणार,” रुख्मिणीबाई म्हणाली.

“काहून?”

“रिकामं कसं देऊ? लग्नाच्या घरातून रिकामं भांडं भाईर पडलं तर पोरीच्या संसारात भूक शिरती. माझी पोरगी आत्ता कुठं नांदायला गेली. तिच्यामागं भूक लावू का मी?”

“मंग भरून द्या अन् मोकळं व्हा!”

“दिलं व्हतं.”

रुख्मिणीबाई एवढंच बोलली.

“माघात दिलं व्हतं,” ती पुढं म्हणाली. “ही माझी सून पहाटेच चुलीपाशी बसली. लापशी झाली तशी पहिली वाढी काढून ठेवली. पाव्हण्यांना न्हाई, नाईकाला न्हाई, देवालासुदीक नंतर. पहिला वाटा भांडं देणाऱ्याचा. अन् तू काय केलं त्याचं, माझ्या लेकासमोर?”

पारू हातावरचं पीठ झटकत होती, झटकून झालं तरी झटकत होती.

“त्यांनी घरी येऊन सांगितलं मला,” पारू म्हणाली. “तरी मी आले तुझ्याकडं मागायला. येताना पाय उचलत न्हवता. अन् आता रिकामं पाठवावं तर याडी ऐकत न्हाई, भरून पाठवावं तर तू उकिरड्यावर टाकणार. काय करावं आमी?”

“पहिली वाढी,” चांगुणा म्हणाली. “मला वाटलं उष्टं.”

“उष्टं आमी कुत्र्यालाबी घालताना इचार करतो,” रुख्मिणीबाई कडाडली.

“तुमाला काय ठावं!” ती एकदम ओरडली. “माझी आजी टोपलं घेऊन गावात दारोदार उभी राहायची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. उरलेलं, आंबलेलं. हात लागू न्हाई म्हणून वरून टाकायचे. निम्मं टोपल्यात, निम्मं भुईवर. भुईवरचं बी वेचून आणायची ती. मंग आबानं अन् सगळ्यांनी ती टोपली जाळली. कोणाचं भांड्यातलं घ्यायचं न्हाई, मेलं तरी न्हाई. तवापासून भांड्याच्या तळाला काही दिसलं की मला लापशी न्हाई दिसत, आजी दिसती!”

तिनं नाक मनगटानं पुसलं अन् त्याचाही तिला राग आला.

रुख्मिणीबाई म्हणाली, “मी वरून न्हवतं टाकलं.”

“मला काय ठावं?”

“इचारायचं.”

“तुमी सांगायचं.”

“आता तर समदं कळलं ना,” पारू मधे पडली. “तर तोड काढा. ऊन उतरून राहिलं.”

पण तोड निघंना. चांगुणा म्हणाली, खायचं सोडून काहीही घाला, लाकडं घाला. रुख्मिणीबाई म्हणाली, लाकडं सरणाला जातात, लग्नाच्या भांड्यात लाकडं घालणारी तू कोण? मीठ? मीठ खात न्हाई का तुमी? गोवऱ्या? “गोवऱ्या तुझ्या तोंडात घाल!” एकीनं फुलं म्हटलं, वैशाखात फुलं कुठली, बाभळीची का? चांगुणा लिंबाभोवती फेऱ्या मारत होती, पिंजऱ्यातल्या जनावरावानी. सावली ओढ्याकडं सरकत होती. तिकडं वंदना सुरू झाली असंल. जळबानं हात पुढं करून ठेवला असंल.

“मी नेते अशीच!” ती ओरडली. “भूक शिरली तर माझ्या घरी शिरू द्या!”

तिनं सुलट्या भगोन्याच्या कडीला हात घातला, तर भगोनं हलंना. आत कोणीतरी होतं. पारूचं पोरगं, रूपसिंग. दोन वर्सांचा उघडा गडी आत जाऊन बसला होता अन् हातातल्या पळीनं भगोनं बडवत होता.

“ऊठ रे, नेऊन राहिले मी.”

रूपसिंगानं काठ घट्ट धरला अन् भोकाड पसरलं. भगोन्यात ते दुप्पट घुमलं.

“थांब,” रुख्मिणीबाई म्हणाली. “काढू नको.”

ती गुडघ्यावर हात टेकून उठली, भगोन्यापाशी आली, आत वाकून बघितलं. तिच्या तोंडावर काहीतरी हललं.

“भरलं,” ती म्हणाली.

“काय भरलं?”

“भांडं. रिकामं हाय का ते? न्हाई. खायचं हाय का? न्हाई. उष्टं तर न्हाईच, माझ्या लेकाचं पहिलं लेकरू हाय. बघू आता कोण उलटं करतंय उकिरड्यावर.”

“याडी!” पारू किंचाळली, अन् मग तिलाच हसू फुटलं.

उरलेल्या दोन भगोन्यांना लेकरांची काय वाण? तांड्यातली पोरं धावत आली, आत घुसायला मारामारी झाली. वसराम शेतातून आला, त्यानं सगळं ऐकलं, चांगुणाकडं बघितलं न्हाई, पण मुकाट्यानं गाडी जुंपली. गाडीत तीन भगोनी, भगोन्यांत लेकरं, कडेला पारू अन् रुख्मिणीबाई. चांगुणा पायी. बैलांच्या चालीनं चालणं तिला जमंना; ती पुढं पळायची, मागं फिरून यायची, “हाणा की जरा!” म्हणायची, पुन्हा पुढं. असं तिनं एक कोसाचे दोन कोस केले.

वस्तीत वंदना संपली होती. माणसं झेंड्याखाली बसली होती, अन् जळबा उभा राहून ठराव वाचत होता. तेवढ्यात खणाखणा आवाज करत गाडी आली.

“भगोनी आली!” कमल ओसरीवरून ओरडली.

जळबा पुढं झाला, गाडीत डोकावला. “अन् हे काय?”

“डोळे फुटले का? लेकरं हायत,” चांगुणा म्हणाली.

रुख्मिणीबाई खाली उतरली. “रामराम, ग्यानोबा.”

“जयभीम, बाई.” ग्यानोबा काठीवर उठला.

“तुमचा नेम रिकामं घ्यायचा. आमचा नेम रिकामं न्हाई द्यायचा. मागच्या खेपंला आमचा वाटा तुमच्या पोरीनं उकिरड्यावर टाकला. आता हे घ्या. टाकायचं तर टाका.”

ग्यानोबानं चांगुणाकडं बघितलं. “उष्टं व्हतं म्हणली व्हतीस ना तू?”

सगळी वस्ती बघत होती. जळबा तर जास्तच. चांगुणानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली.

“न्हाई, आबा. पहिली वाढी व्हती. कोणाच्या बी आधी आपल्यासाठी काढलेली. मी इचारलं न्हाई.”

तेवढं बोलायला तिला जेवढा जोर लागला तेवढा दुष्काळात काळा दगड फोडायलाही लागला नव्हता.

ग्यानोबा गाडीपाशी गेला. भगोन्यात वाकला. रूपसिंग त्याच्याकडं बघत राहिला, हा पांढऱ्या मिशांचा माणूस कोण म्हणून. अन् बघता बघता बारीक धार लागली, जर्मनवर टणटण वाजली.

“घ्या,” जळबा म्हणाला, “वरण तयार.”

जी हसायला लागली माणसं, ती थांबंनात. ग्यानोबाही हसला, हसता हसता त्यानं दोन्ही हात घालून ते ओलं पोरगं उचललं अन् खांद्याशी धरलं. सदरा भिजला. त्याच्या ध्यानात आलं न्हाई, किंवा आलं अन् चाललं.

“पाणी,” रूपसिंग म्हणाला.

कमल हळदीच्या हातानं तांब्या घेऊन आली अन् मधेच थांबली. हसणं थांबलं. पारूनं सासूकडं बघितलं. तांड्यानं या वस्तीचं पाणी कधी तोंडाला लावलं नव्हतं. दोन घागरी, एक बाभळीखाली, एक उन्हात. रुख्मिणीबाई बैलाच्या शिंगाकडं बघत राहिली. कोणी काही बोलंना, कोणी काही करंना, अन् असं थांबून राहणं चांगुणाला जन्मात जमलं नव्हतं. तिनं कमलच्या हातातून तांब्या ओढला अन् पोराच्या तोंडाला लावला. रूपसिंग गटगटा प्याला, निम्मं पोटात, निम्मं ग्यानोबाच्या मिशांवर.

“अन् माझ्या घशाला कोरड न्हाई का?” रुख्मिणीबाई बैलाकडंच बघत म्हणाली. “कोसभर धूळ खाल्ली म्या.”

ती ओंजळ धरून वाकली. चांगुणानं पाणी घालायला तांब्या उंच केला, अन् हात तसाच थांबला. वरून! तिनं तांब्या खाली आणला अन् म्हाताऱ्या बाईच्या हातात दिला. रुख्मिणीबाईनं क्षणभर तांब्याकडं बघितलं. मग तोंडाला लावून प्याली.

“ठरावाचं काय करू, आबा?” जळबानं कागद वर केला.

“चूल पेटवायला दे,” ग्यानोबा म्हणाला. “अन् उद्याच्या पंगतीत यांची पानं धरा.”

“आमी जेवायला येऊ असं कोण म्हणलं?” रुख्मिणीबाई गाडीत चढता चढता म्हणाली. “पारू अन् लेकरं ऱ्हातील आज इथं. भांड्यात घालून दिल्यालं लगेच कोण परत नेतं का? उद्या येऊन न्हेऊ.” मग जरा थांबून, “आलोच हाय तर बसू एखादी घडी.”

वसरामनं बैल वळवले. चांगुणा तवर खाली बसून राखेनं भगोनं घासायला लागली होती, अन् घासता घासता तिची बोटं थांबली. बुडाशी, मंडळाच्या नावाखाली, नवा पोचा. चांगला अंगठाभर.

“ओ याडी! थांबा! हा पोचा कोणी पाडला?” ती भगोनं घेऊन गाडीमागं पळाली.

“लिंबाखाली आदळआपट कोण करत व्हतं?” गाडीतून आवाज आला. “मला पुसती व्हय!”

चांगुणा वाटेत उभी राहिली. मागं जळबा हसून राहिला होता. तिनं आतून अंगठा लावून पोचा दाबून बघितला, सगळा जोर लावून. निघंना.

“हसतो काय,” ती म्हणाली, “राख आण आणखी. अन् दुसरं भगोनं घासायला तू बस.”